सरांची गिटार, उलट्या तारा

१४ जून, शनि.
गिटारचे फोटो काढले. समोरून, मागून, एक नुसत्या मानेचा. दिवाणावर नवी चादर अंथरून. मोबाईलवर जाहिरात टाकायची होती. 'विकणे आहे' एवढं लिहिलं आणि पुढचं सुचेना. लोक लिहितात, उत्तम स्थितीत, फारशी न वापरलेली. आपली तर भरपूर वापरलेली. वरच्या कडेला हात टेकून टेकून पॉलिश गेलंय, ते माझ्याच हातानं.

श्री म्हणतो घाई नाही. पण कल्पना त्याचीच. गेल्या रविवारी म्हणाला, "लावण्या, दर रविवारी तू ती काढतेस, पुसतेस, परत ठेवतेस. मग दिवसभर कुणाशी बोलत नाहीस. घरात असून त्रासच होणार असेल तर ठेवायची कशाला?" रागानं नाही बोलला. म्हणून जास्त लागलं. नवरा रागावला की उत्तर देता येतं.

१५ जून
फोटो मोबाईलमध्येच. आज पुसलीसुद्धा नाही.

१७ जून
हाताच्या व्यायामाच्या मॅडमकडे गेले. शेवटची खेप. मॅडम सरळ बोलतात, म्हणून मला आवडतात. म्हणाल्या, आता याहून फार पुढं जाणार नाही. तर्जनी अर्धी वाकेल. मधल्या बोटाच्या टोकाला स्पर्श आला तर आला. गाडी चालवाल, भाकरी थापाल, लॅबमधलं काम तर करताच आहात.

लॅबचं खरं आहे. रक्त काढताना सुई उजव्या हातात असते, डाव्यानं नुसता पेशंटचा हात धरायचा. ते मार्चपासून जमतंय.

मी विचारलं, आणि कॉर्ड? त्यांना कळेना. मोबाईलवर जुना फोटो दाखवला, मी स्टेजवर, डाव्या हाताची बोटं गिटारच्या मानेवर तीन-चार तारा एकदम दाबून कॉर्ड धरलेली. मॅडमनी तो मोठा करून बोटं बघितली. मग म्हणाल्या, "इतकं नाही होणार."

संक्रांतीच्या दोन दिवस आधी, अशोक चौकातून स्कूटरवर येताना, तुटक्या पतंगाचा मांजा गळ्यावर आला. मी डावा हात मधे घातला. गळा वाचला, बोटांचे स्नायुबंध तुटले. भेटेल तो म्हणतो, नशीब बलवत्तर. आहेच. मी कुठं नाही म्हणते.

२२ जून, रवि.
टाकली जाहिरात.

दुपारपर्यंत तीन फोन. एकानं विचारलं, काळ्या रंगात मिळेल का. दुसऱ्याच्या घरात कूलर जास्तीचा आहे, बदल्यात चालेल का. तिसऱ्याला फक्त लग्नाआधीच्या फोटोंसाठी पाहिजे होती, नवरदेवाच्या हातात द्यायला. तिघांनाही विकली गेली म्हणून सांगितलं. श्री पेपर वाचत होता. पेपरमागं हसत असावा.

जोसेफ सर सोलापूर सोडून बेळगावला मुलीकडे राहायला गेले, तेव्हा ही माझ्या हातात देऊन गेले. त्यांची स्वतःची. कॉलेजात असल्यापासून त्यांच्याकडे शिकत होते, शेवटी त्यांच्याकडे मी एकटीच टिकले होते. तेव्हा म्हणाले, "वाजवणाऱ्याच्या घरीच राहू दे हिला. भिंतीला टांगू नकोस."

आता मी ती विकली तर सरांची आज्ञा मोडली की पाळली? वाजवणारी तर मी राहिले नाही.

२९ जून, रवि.
इम्तियाजभाई आले. कुणीतरी त्यांना जाहिरात दाखवली. आमच्या गाण्याच्या ग्रुपचे तेच कर्तेधर्ते. कीबोर्ड वाजवतात, गातात. एरवी विजापूर वेशीत पेट्या-तबले दुरुस्त करायचं दुकान. मी ग्रुपमध्ये गेले तेव्हा लग्नाच्या कार्यक्रमात बाई गिटार वाजवते म्हटल्यावर लोक नाकं मुरडायचे. इ.भाई त्यांना सांगायचे, डोळे मिटून ऐका, मग सांगा बाई आहे का बुवा.

आज चहा समोर गार झाला. मग माझा डावा हात मागितला, लाकडाचा तुकडा बघावा तसा उलटसुलट करून बघितला. म्हणाले, "ये हाथ डंडी पे नहीं चलता. तारां पे चलता की."

डंडी म्हणजे मान, तेवढं कळलं, पुढचं नाही. मग त्यांनी शेजारी पडलेली धुण्याची थापी उचलून डावखुऱ्यासारखी धरली. मान उजव्या हातात, तारा डाव्या हाताला. म्हणाले, पैदाइशी डावखुरे लोगां कैसा बजाते? उजवा हात तर तुझा शाबूत आहे.

मी सांगितलं, भाई, आडतिसाव्या वर्षी उजव्या हाताला पहिल्यापासून शिकवू? शिवाय सरांच्या गिटारला मी हात लावू देणार नाही.

म्हणाले, सरांच्या गिटारला कोण हात लावतंय. जाहिरात काढ आधी.

नाही काढली. पण फोनही उचलले नाहीत.

६ जुलै, रवि.
इ.भाईंनी दुकानातली एक जुनी गिटार उलटी करून आणली. पोरं शिकायची ती. तारा उलट्या क्रमानं लावल्या. मानेच्या टोकाला तारा बसायच्या खाचा असतात, जाड तारेला रुंद, बारीक तारेला अरुंद. क्रम उलटला की त्याही बदलाव्या लागतात, म्हणून हाडाची नवी पट्टी घासून बसवली. आवाज डबा. पण सुरात.

मांडीवर घेतली आणि अंग चोरल्यासारखं झालं. दुसऱ्याच्या चपला घातल्यासारखं. उजव्या हाताला काही म्हणजे काही माहीत नाही. मला सगळं माहीत. कोणती कॉर्ड, कोणतं बोट, कुठं. हात ऐकत नाही.

डाव्या हातातून तारा छेडायची पिक निसटते. मधल्या बोटाला कळतच नाही आपण काही धरलंय ते. पडलेली पिक सारखी गिटारच्या पोटात जाते. मग गिटार उलटी करून हलवायची. श्री म्हणाला, गल्ल्यातून पैसे काढतेस का.

८ जुलै
बोटं सुजली. लॅबमध्ये एका आजोबांनी विचारलं, बाई, तुमालाच कुटं टोचलं का काय.

१३ जुलै, रवि.
नाना आले, माझे वडील. आल्या आल्या गिटार उलटी का म्हणून विचारलं. सांगितलं. पिक कशी पडते ते दाखवलं. नानांनी जन्मभर चादरीचे माग चालवले, आता नुसते बसून असतात, गुडघ्यामुळं. जाताना एक पिक खिशात घालून गेले.

१६ जुलै
नानांनी सुताची पट्टी विणून पाठवली. बोटात अंगठीसारखी घालायची, तिला छोटा खिसा, खिशात पिक. घातली. बोट निळं पडलं. फोन करून सांगितलं, तर म्हणाले, "माप घ्यायला पाहिजे होतं." वाईट वाटलं त्यांना, आवाजावरून.

१९ जुलै
नाना स्वतः आले, रिक्षानं. मोजायला दोरा आणला होता. समोर बसून पट्टी सैल केली, खिसा तिरका केला. मग बोटात चढवून तेलुगूत विचारलं, "बागुंदा अम्मा?" बरं वाटतंय का.

वाजवून बघितलं. पडली नाही. परत वाजवलं. नाही पडली. उघड्या तारा नुसत्या, कॉर्ड नाही काही नाही, तरी वाजवतच राहिले. नाना मान हलवत होते. मग जेवून गेले, दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या.

२७ जुलै, रवि.
उजव्या हातानं पहिली स्वच्छ कॉर्ड. सगळ्या तारा वाजल्या, एकही मेली नाही. श्री न्हाणीघरातून ओरडला, "आत्ता बरोबर आलं." त्याला गाण्यातलं काही कळत नाही. पण हे कळलं.

जाहिरात काढून टाकावी का? उद्या बघू.

३ ऑगस्ट
एका कॉर्डवरून दुसरीवर जायला इतका वेळ लागतो की तेवढ्यात गाणारा चहा पिऊन येईल. जुन्या सवयीनं डोकं पुढं पळतं, हात मागं. आज वैतागून गिटार दिवाणावर टाकली. टाकली म्हणजे जोरातच. मग तपासली. काही झालं नाही तिला.

सरांची गिटार पेटीतून काढून नुसती बघितली. उजवीकडून धरून बघितली, डावीकडून धरून बघितली. ठेवली.

५ ऑगस्ट
मोडनिंबहून फोन. वैशाली मॅडम, जि.प. शाळेत शिक्षिका. जाहिरात बघितली म्हणाल्या. मी तोंडपाठ झालेलं 'विकली गेली' म्हणणार, तेवढ्यात त्यांनी विचारलं, तारा मानेपासून किती उंच आहेत, आणि मान सरळ आहे का. पहिल्यांदाच कुणीतरी गिटारबद्दल विचारलं. रविवारी बघायला या म्हटलं. बोलून बसले.

९ ऑगस्ट, शनि.
नारळी पौर्णिमा. नानांचं जानवं बदलून झालं. आम्हा विणकरांच्या मार्कंडेयांच्या रथाला सगळे गेलो. गर्दीत वाट काढताना रथाच्या दोराला हात लागला, आणि जाणवलं, उजव्या बोटांच्या टोकांना दोर टोचत नाही. घट्टे पडलेत. डाव्या हाताचे जुने घट्टे तर केव्हाच सोलून गेले, तिथली कातडी बाळासारखी मऊ झालीय. घट्ट्यांनी हात बदलला. घरी येईपर्यंत अंगठ्यानं बोटांची टोकं चाचपत होते.

(लॅबमध्ये शीर शोधायला अडचण येईल म्हणून भीती होती. येत नाही. शीर पेराला कळते, टोकाला नाही.)

१० ऑगस्ट, रवि.
वै. मॅडम आल्या. एसटीनं, सोबत शेंगाच्या चटणीची पुडी. तिशीच्या असतील. साधी साडी, मोठी पर्स, नखं एका हाताची बारीक कापलेली, दुसऱ्याची वाढवलेली. नखं बघूनच कळलं वाजवणारी आहे.

कुणाकडे शिकल्या? कुणाकडेच नाही. मोबाईलवर बघून. वर्गात कविता चालीवर म्हणून घेतात. त्यांच्या गिटारची मान धनुष्यासारखी वाकलीय. म्हणाल्या, "पोरं सुरात असत्यात, मीच बेसूर होते की."

सरांची गिटार त्यांच्या हातात दिली. त्यांनी आधी नुसता हात फिरवला. मग वाजवली. हळू, चुकत चुकत, पण बोटात गोडी आहे. संक्रांतीपासून या घरात तो आवाज नव्हता. श्री बाहेर जायला निघाला होता, चप्पल घालून दारातच उभा राहिला. मी स्वयंपाकघरात गेले आणि उगाच पाणी तापत ठेवलं. मत्सर वाटला. आणि बरंही वाटलं. दोन्ही एकदम.

त्या तशाच बसल्या होत्या, गिटार मांडीवर. म्हणाल्या, "मला लई आवडली. पण तुमचा चेहरा बघून मागायला जीव होईना."

मग सगळं सांगितलं. हात, मांजा, उलट्या तारा, सर. म्हटलं, मला दसऱ्यापर्यंत वेळ द्या. त्या म्हणाल्या, देते. आणि चटणीची पुडी माझ्यापुढं सरकवली. मला वाटलं होतं, हात बघून चुकचुकतील.

१७ ऑगस्ट, रवि.
सरांना फोन केला. हाताचं कळवलं नव्हतं अजून. कसं सांगू म्हणून राहून गेलं होतं. आज सगळं एका दमात सांगितलं आणि शेवटी विचारलं, सर, तुम्ही म्हणाला होता, वाजवणाऱ्याच्या घरीच राहू दे. तर आता मी काय करू?

सर म्हणाले, "मी असं म्हणालो होतो? मला वाटतं, सामानाच्या टेम्पोत जागा नव्हती."

मी हसायला लागले. सरही. हसता हसता त्यांना खोकला लागला. मुलीनं फोन घेतला, परत त्यांच्याकडे दिला.

इतकी वर्षं मी त्या वाक्याला देव्हाऱ्यात ठेवलं होतं.

शेवटी सर म्हणाले, "गिटारचं तू बघ गं. मला तुझं सांग. उजव्या हातानं कुठपर्यंत आलीस?" सांगितलं. म्हणाले, करंगळी वर उचलू देऊ नकोस, तुझी ती खोड आहे. इतक्या वर्षांनी. फोन ठेवल्यावर बघितलं, करंगळी वरच होती.

१८ ऑगस्ट
म्हणजे आता खरंच माझं मला ठरवायचं आहे. अवघड झालं की सोपं, कळत नाही.

२४ ऑगस्ट, रवि.
इ.भाईंच्या दुकानात गेले. गणपतीत दोन ठिकाणी कार्यक्रम आहेत. म्हटलं, मी वाजवते. त्यांनी तिथंच एक गाणं धरलं आणि मला साथीला घेतलं. दुसऱ्या कडव्यात मी मागं पडले. ते थांबले. म्हणाले, "अब्बी नहीं."

वाटलं होतं, इतकं करतेय तर घेतील सांभाळून. नाही घेतलं. घरी येताना त्यांच्यावर राग. रात्री जेवताना राग उतरला. उगाच घेतलं असतं आणि स्टेजवर फसले असते, तर लोक टाळ्या वाजवून दया दाखवून गेले असते. तसल्या टाळ्या नकोत.

३१ ऑगस्ट, रवि.
आपल्याच ग्रुपचा कार्यक्रम खुर्चीत बसून ऐकला. लातूरचा एक पोरगा गिटारवर. चांगला वाजवतो, जरा दिखाऊ. तिसऱ्या गाण्यात तो जिथं अडखळला तिथं माझा उजवा हात मांडीवर बरोबर पुढच्या कॉर्डवर गेला. श्रीनं बघितलं.

आजपासून सकाळी लॅबला जायच्या आधी अर्धा तास, आल्यावर एक तास. श्री म्हणाला, कणीक मी मळतो.

७ सप्टेंबर
कणीक घट्ट. गिटार बरी.

१४ सप्टेंबर, रवि.
परत विजापूर वेस. इ.भाई मुद्दाम मधेच लय वाढवतात, मधेच पट्टी बदलतात. दोनदा पडले. पण उठले, गाणं न सोडता. त्यांनी फक्त म्हटलं, पुढच्या रविवारी ये. दुकानाबाहेर पेटी दुरुस्तीला आलेला एक म्हातारा उभा होता. त्याला वाटलं मी जन्माची डावखुरी. नाही म्हणून सांगितलं नाही.

२१ सप्टेंबर, रवि.
पास.

असं ते म्हणाले नाहीत. गाणं संपल्यावर कीबोर्डचं झाकण लावलं आणि म्हणाले, "खंडेनवमीला चिंचोळीत टॉवेलच्या कारखान्यात कार्यक्रम आहे. लातूरवाल्याला नको म्हणून कळवतो." मी बरं म्हटलं. साधं बरं. मग स्कूटर चालू करून कन्ना चौकापर्यंत आले आणि कडेला लावून रडले, मनसोक्त. उसाच्या रसवाल्यानं विचारलं, ताई, बरं वाटेना का. म्हटलं, लई बरं वाटतंय. मोठा ग्लास द्या.

२४ सप्टेंबर
व्यायामाच्या मॅडम लॅबमध्ये आल्या होत्या, स्वतःचं रक्त तपासायला. मोबाईलवर वाजवतानाचा व्हिडिओ दाखवला. दोनदा बघितला त्यांनी. म्हणाल्या, मी डाव्या हाताचं सांगितलं होतं, उजव्याचं मला कुणी विचारलंच नाही.

२८ सप्टेंबर, रवि.
इ.भाई म्हणाले, आता तू वाजवतेस, तर सरांची गिटारच उलटी करून देतो. डब्यावर किती दिवस वाजवणार? पण सांगून ठेवलं, नुसती हाडाची पट्टी बदलून भागणार नाही. खाली तारा बसतात तिथली तिरकी खाच भरून उलट्या बाजूनं नवी पाडावी लागेल. एकदा केलं की केलं. मग ती उजव्या हाताच्या माणसाच्या उपयोगाची राहणार नाही.

म्हणजे वै. मॅडमच्या.

आधी वाटत होतं, हात चालत नाही म्हणून विकायची का. आता हात चालतोय, तर प्रश्न संपायला पाहिजे होता. उलट मोठा झाला.

१ ऑक्टोबर, बुध. खंडेनवमी
सगळं लिहून ठेवते, विसरायच्या आधी.

सकाळी घरी पूजेत दोन्ही गिटारी मांडल्या. श्रीनं स्कूटर धुतली. दुपारी चिंचोळी. नाना हट्टानं आले, म्हणाले कारखाना बघायचाय. मोठी शेड, सगळे माग बंद, झेंडूच्या माळा घातलेले, प्रत्येकावर हळदकुंकू. कामगार बायका-माणसं घरच्यांना घेऊन आलेली. जमिनीवर सतरंज्या. नाना एकेका मागाजवळ थांबून हात लावत होते.

पहिली दोन गाणी नीट. लोकांचं लक्ष इ.भाईंकडे, ते बरंच झालं.

तिसऱ्या गाण्याच्या मध्यावर लाईट गेली. पंखे थांबले, माईक गेला, कीबोर्ड मुका झाला. शेडमध्ये वाजणारं फक्त एक राहिलं. माझी डबा गिटार. मी थांबणार होते. इ.भाईंनी हातानं खूण केली, चालू ठेव. आणि ते माईकशिवाय गायला लागले. मागचे लोक ऐकू येईना म्हणून सरकत सरकत पुढं आले. अगदी स्टेजच्या कडेला येऊन बसले. इतक्या जवळ की एका बाईच्या मांडीवरचं बाळ माझ्या साडीचा काठ ओढत होतं.

गाणं संपलं, लाईट नाही. कुणीतरी म्हणालं, आता काय. तेव्हा नाना उभे राहिले.

नानांना मी चारचौघांत गाताना कधी ऐकलेलं नाही. ते उभे राहिले, काठीवर दोन्ही हात ठेवले, आणि त्यांच्या वडिलांच्या हातमागावरचं तेलुगू गाणं म्हणायला लागले. धोटा इकडून तिकडं जातो त्या ठेक्यात. आवाज जुना, पण पक्का. पट्टी कुठली, कुणाला माहीत. मी एकदा इकडं चाचपलं, एकदा तिकडं, आणि तिसऱ्या वेळी त्यांच्या सुराखाली जाऊन बसले. पुढची कॉर्ड कोणती हा विचारच केला नाही. हात गेला. उजवा हात, आपला आपण, मला न विचारता. नाना वळले, गात गातच माझ्याकडं बघितलं.

पुढच्या रांगेतल्या दोन-चार म्हाताऱ्यांना ते गाणं येत होतं. मग त्यांच्या बायकांना. तेलुगू न येणारे टाळ्यांनी ठेका धरून. इ.भाई बंद कीबोर्डच्या झाकणावर बोटं वाजवत होते. नाना तीनदा पहिल्या ओळीवर आले, मी तीनदा त्यांना घेऊन आले.

लाईट आली तेव्हा कुणीतरी ओरडलं, "बंद करा ती लाईट." सगळे हसले.

टाळ्या दयेच्या नव्हत्या. हात कुणी बघितलासुद्धा नाही. एका कामगार बाईनं नंतर विचारलं, "ताई, तुमी डावऱ्या व्हय? आमची पोरगी बी हाय. तिला दाखवायला पायजे." व्हय म्हटलं.

येताना नाना माझ्याच रिक्षात. अशोक चौक आल्यावर म्हणाले, तुझा आजोबा असता तर मला रागावला असता, दुसरं कडवं विसरलो म्हणून. मी म्हटलं, कुणाला कळलं नाही, मी झाकलं. म्हणाले, "ते कळलं मला."

२ ऑक्टोबर, दसरा
अंग ठणकतंय. सोनं वाटायला आलेला प्रत्येक जण विचारतोय, काल म्हणे लाईट गेल्यावर... श्री सगळ्यांना पहिल्यापासून सांगतोय. आता त्याच्या गोष्टीत लाईट तासभर गेलेली आहे. दुरुस्त करत नाही.

सरांना व्हिडिओ पाठवला, कुणीतरी काढलेला, हलता. उत्तर: करंगळी ठीक.

५ ऑक्टोबर, रवि.
वै. मॅडमना फोन केला. दसरा झाला. म्हटलं, या. काय सांगणार ते अजून ठरलेलं नाही, हेही सांगितलं. त्या म्हणाल्या, "चालतंय की. वाजवू तर."

श्रीला विचारलं, तू सांग. म्हणाला, जूनमध्ये सांगितलं ते तू इतकं मनावर घेशील वाटलं नव्हतं, आता मी तोंड उघडत नाही.

१२ ऑक्टोबर, रवि.
वै. मॅडम आल्या त्या थेट दिवाणावर बसल्या, पेटी उघडून. या वेळी विचारलंही नाही, हे आवडलं. मी इ.भाईंची उलटी गिटार घेऊन समोर मोड्यावर. दोघी समोरासमोर. त्यांच्या गिटारची मान आणि माझी मान एकाच बाजूला, आरशात बघितल्यासारखं. आधी हसू आवरेना, त्यांचं बघून माझं बोट चुकायचं, माझं बघून त्यांचं. मग बघणं सोडलं आणि जमलं.

त्यांनी शाळेतल्या कवितेची स्वतः बांधलेली चाल वाजवली. मी खाली साथ धरली. मग मी एक धरलं, त्यांना येईना, हात थांबवून दाखवलं, त्यांनी उचललं. दुपारचं जेवण तसंच राहिलं. सरांची गिटार त्यांच्या हातात मोकळी होत चाललीय. सुरुवातीला बुजलेली होती, आज खाली तो जुना घुमारा आला. मी डब्यावर वाजवत होते आणि ऐकत होते तिला. इतकी वर्षं ती माझ्या पोटाशी होती, समोरून तिचा आवाज कसा येतो मला माहीतच नव्हतं. चांगला येतो. फार चांगला.

आणि त्याच वेळी उजवी बोटं तिच्यावर पडायला शिवशिवत होती. इ.भाईंनी खाच पाडली तर हा घुमारा माझ्या हाताखाली असेल. वाजवता वाजवता दोन्ही विचार चालू होते, आणि लय सुटली नाही. हे मात्र लिहून ठेवण्यासारखं.

संध्याकाळी त्यांच्या एसटीची वेळ झाली. गिटार पेटीत ठेवली, कड्या लावल्या. पेटीची मूठ धरून उभ्या राहिल्या. मग त्यांनी मूठ सोडली, पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "आज न्हाई न्यायची. अजून एकदा येते. दिवाळीच्या सुट्टीत येऊ का?"

या म्हटलं. सकाळच्या गाडीनं या, जेवायलाच या.

श्री त्यांना स्टँडवर सोडून आला. विचारलं, मग काय ठरलं?

म्हटलं, त्या कवितेला मधे एक कडवं कमी पडतंय. ते बसवायचंय.